लिस्टरची पट्टी

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

जखमा सडू नयेत म्हणून झटलेला एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर, त्याच्याबद्दल सविस्तर लिही म्हणालास. त्याचं नाव निघालं की लोकांना शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत मारायचा कार्बोलिकचा (एका जंतुनाशक आम्लाचा) फवारा आठवतो. मला त्याची खरी कमाई जखमेवरच्या पट्टीत दिसते.

1860 साली तो ग्लासगोत प्राध्यापक झाला, तेव्हा मोडलेलं हाड कातडी फाडून बाहेर आलं की बहुधा पाय कापत, आणि कापलेली जागाही सडे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक अँडरसन यांच्यामुळे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरचं काम त्याला कळलं: पदार्थ कुजतात ते सूक्ष्म जंतूंमुळे. जखम नासवतात ते हवेतून येणारे जंतू, हे त्याने ताडलं. इंग्लंडमधल्या कार्लाइल गावी सांडपाण्याची घाण मारायला कार्बोलिक वापरत, तेच त्याने उचललं.

ऑगस्ट 1865. गाडीचं चाक पायावरून गेलेला जेम्स ग्रीनलीज, वय 11. कार्बोलिकमध्ये भिजवलेलं लिंट (मऊ कापड) जखमेवर ठेवलं आणि कार्बोलिक वाफ होऊन उडून जाऊ नये म्हणून वर कथलाचा पातळ पत्रा. चौथ्या दिवशी पट्टी सोडली, तर कुजका वास अजिबात नाही! कडेची कातडी मात्र कार्बोलिकनेच पोळलेली. मग त्याने ते आधी पाण्यात, नंतर तेलात पातळ केलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं.

दुसरी अडचण जखमेतून झिरपणाऱ्या स्रावाची, कारण तो औषध धुऊन नेतो. म्हणून 1 भाग कार्बोलिक, 4 भाग उकळलेलं जवसाचं तेल आणि खडूची भुकटी मळून त्याने लांबी, म्हणजे काचा बसवायला वापरतात तसा लगदा, केली. त्यातून औषध हळूहळू सुटे. पुढे लांबीच्या जागी गॉजचे (विरळ विणीच्या कापडाचे) आठ पदर आले. सर्वांत वरच्या पदराखाली मेणकापडासारखं जलरोधक कापड असे. ते नसेल तर स्राव सरळ मधून वर येतो आणि जंतूंना आत यायला तीच वाट मिळते. ते असलं की स्रावाला पूर्ण गॉजभर पसरून कडेपर्यंत जावं लागतं. पट्टी जखमेपेक्षा खूप रुंद का, ते यावरून कळतं.

त्याचे आकडे बघ. ही पद्धत येण्याआधीच्या 35 अवयवछेदनांत (हात-पाय कापण्यात) 16 दगावले, नंतरच्या 40 मध्ये 6.

1869 ला एडिंबरा, 1877 ला लंडनचं किंग्ज कॉलेज. तिथे त्याच वर्षी त्याने मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून चांदीच्या तारेने जोडली. आधी असा सांधा उघडणं म्हणजे जिवाशी खेळ होता. आणि फवारा? हवेतले जंतू मारायला तो सुचवल्याची आपल्याला लाज वाटते, असं 1890 मध्ये बर्लिनच्या परिषदेत तो स्वतःच बोलला. एवढ्या मोठ्या शिक्षकाने जगापुढे हे म्हणावं, याचं मला फार अप्रूप आहे.

रक्तवाहिन्या बांधायच्या आतड्याच्या तातीबद्दल पुढच्या पत्रात.

तुझा,
अनंत