तक्रार: वर्णनातला संगणक एक, खोक्यातून निघाला दुसराच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: रिफर्बिश्ड डेस्कटॉप वर्णनाप्रमाणे नसल्याने बदलून मिळणे अथवा पूर्ण रक्कम परत मिळणे

महोदय / महोदया,

आपल्या वेबसाइटवरून डिझाइनच्या कामासाठी घेतलेल्या रिफर्बिश्ड (वापरलेल्या, पुन्हा नीट करून विकलेल्या) डेस्कटॉपबद्दल ही लेखी तक्रार करत आहे. बिल, ऑर्डर देताना काढून ठेवलेला वर्णनाचा स्क्रीनशॉट, चॅटची प्रत आणि मशीन तपासतानाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. फोनवर आणि चॅटवर हे सगळं आधीच सांगून झालं आहे. दर वेळी नवा माणूस येतो आणि रामायण पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून आता कागदावर.

मशीन जुनं आहे ही माझी तक्रार नाही. कॅबिनेटवर ओरखडे आहेत, पुढच्या एका यूएसबी पोर्टची पकड सैल आहे. चालतं. ऑफिसमधून बाहेर पडलेली अशी मशीन दणकट असतात आणि तेवढ्याच पैशांत नव्यापेक्षा बरं काहीतरी हाती लागतं, म्हणून तर मी जुनं शोधत होते. माझं म्हणणं एवढंच आहे की जे लिहून विकलं ते आत नाही.

सगळ्यात मोठा घोळ ग्राफिक कार्डाचा. वर्णनात ‘क्वाड्रो पी१०००, ४ जीबी’ असं स्वच्छ लिहिलं आहे. मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पॅकेजिंग करते आणि ग्राहकाला दाखवायचे थ्रीडी मॉकअप (नमुने) ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करते, म्हणजे त्यांचं अंतिम चित्र तयार करून घेते. त्यामुळे पैसे भरण्याआधी चॅटवर मुद्दाम खात्री करून घेतली होती. ‘हो मॅडम, ४ जीबी डेडिकेटेड’, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, हे उत्तर जोडलेल्या प्रतीत आहे. आलेलं कार्ड मात्र क्वाड्रो पी६२० आहे, २ जीबीचं. डिव्हाइस मॅनेजर आणि कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड दोन्ही तेच नाव सांगतात. दोन्ही कार्डं दिसायला सारखीच, बुटकी, मागे चार मिनी डिस्प्लेपोर्ट, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही. पण पी१००० मध्ये ६४० कूडा कोअर (कार्डातले आकडेमोड करणारे घटक) असतात, यात ५१२ आहेत, आणि मेमरी सरळ निम्मी.

यावर आपल्या प्रतिनिधीने मला टास्क मॅनेजर उघडायला लावला आणि ‘बघा, तुम्हाला तर १० जीबी मिळालेत’ असं सांगितलं. ही मखलाशी मला सगळ्यात जास्त लागली. त्या १० मधले २ जीबी कार्डाचे. उरलेले ८ म्हणजे माझ्याच १६ जीबी रॅमचा निम्मा भाग, गरज पडली तर कार्डाला वापरता यावा म्हणून विंडोजने ‘शेअर्ड’ म्हणून दाखवलेला. त्या रॅमला कार्डावरच्या मेमरीचा वेग नसतो, आणि फोटोशॉप व इलस्ट्रेटर एकत्र उघडले की ती मोकळीही राहत नाही. मॉकअपची टेक्स्चर्स (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) २ जीबीत मावली नाहीत आणि रॅमही भरलेली असली की ब्लेंडर मेमरी अपुरी पडल्याचा संदेश देऊन रेंडर सोडून देतं. मग प्रोसेसरवर रेंडर लावायचं आणि ते होईपर्यंत दुसरं कुठलंच काम करायचं नाही.

‘मग नंतर मोठं कार्ड टाकून घ्या’ हा आपला पुढचा सल्ला. कुठे टाकू? फोटोत उभं टॉवर कॅबिनेट आहे, घरी आलं ते स्लिम. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. पॉवर सप्लायही त्याच मॉडेलच्या खास आकाराचा आहे, त्याच्या जागी बाजारातला नेहमीचा बसवता येत नाही. फोटोखाली ‘चित्र प्रातिनिधिक’ असं बारीक अक्षरांत छापलं आहे हे मला दाखवण्यात आलं. कॅबिनेटचा रंग वेगळा असता तर ते मी ऐकून घेतलं असतं.

आता प्रोसेसर. लिहिलेला आय७-८७००, आठव्या जनरेशनचा, सहा कोअरचा. आलेला आय७-६७००, सहाव्या जनरेशनचा, चार कोअरचा, २०१५ साली बाजारात आलेला. इलस्ट्रेटरमध्ये रेघा ओढताना चार कोअर की सहा याने आभाळ कोसळत नाही. मला चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या जनरेशनपासून सुरू होतात. सहावं त्यात नाही. तरीही या मशीनवर विंडोज ११ आहे, म्हणजे इन्स्टॉल करताना ती तपासणी कुणीतरी चुकवली. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मागे विंडोज १० वर जावं, तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ग्राहकांच्या फाइल्स सांभाळणारं मशीन मी अशा अवस्थेत किती दिवस वापरायचं? आणि कॅबिनेटवर ‘विंडोज ११ रेडी’ हे स्टिकर कुणी लावलं, तेही कळलं तर बरं.

‘नवी ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी’ याचीही तीच कथा. आत साटा एसएसडी आहे, म्हणजे जुन्या आणि हळू जोडणीची. सलग वाचनाचा वेग सेकंदाला ५३० एमबीच्या आसपास येतो. साटाची कमाल मर्यादाच ६०० आहे, तेव्हा ‘ड्रायव्हर अपडेट करून बघा’ या सूचनेचा उपयोग नाही. रॅम भरली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे एसएसडीवरच्या तात्पुरत्या जागेत, लिहायला लागतं, म्हणून मोठ्या फाइल्समध्ये हा फरक जाणवतो. आणि नवी तर ती अजिबात नाही: डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो तिचे चालू तास २१,००० च्या पुढे दाखवतं. रात्रंदिवस चालली असं धरलं तरी सव्वादोन वर्षांहून जास्त.

त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये आधीच्या मालकाच्या ऑफिसचे फोल्डर जसेच्या तसे आहेत. मी ते उघडले नाहीत, स्क्रीनशॉटमध्येही नावं झाकली आहेत. पण हे मशीन परत आलं की माझ्या ग्राहकांच्या फाइल्सही पुढच्या माणसाला अशाच मिळणार का, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

वर्णनात रॅम ८ अधिक ८ होती, इथे १६ ची एकच पट्टी आहे. त्यावर मी वेळ घालवत नाही. रेंडर लावलं की प्रोसेसर १०० अंशांपर्यंत तापतो, वेग आपोआप खाली येतो आणि पंखा घोंगावत राहतो. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली असावी असा माझा अंदाज. पण कॅबिनेटवर तुमचं सील आहे आणि ते तोडलं तर वॉरंटी रद्द, त्यामुळे आत बघण्याची मला सोय नाही. आपले तंत्रज्ञ एनीडेस्कवरून दुरूनच जोडले गेले आणि पॉवर प्लॅन बदलून ‘सॉल्व्ह्ड’ लिहून मोकळे झाले. उंटावरून शेळ्या हाकून पेस्ट बदलली जात नाही.

पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलंत, ते मला नको आहे. वर्णनाप्रमाणे म्हणजे आय७-८७००, क्वाड्रो पी१००० ४ जीबी आणि नवी एनव्हीएमई एसएसडी असलेलं टॉवर मशीन द्या, पाठवण्याआधी त्याचे जीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचे स्क्रीनशॉट ईमेल करा. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. ने-आणीचा खर्च दोन्ही बाबतींत आपला. मशीन नेण्याआधी डिस्क मी माझ्या हाताने पूर्ण पुसणार आहे, ‘सॉफ्टवेअर बदललं’ या सबबीवर परतावा अडवू नये. आणि ते वर्णन वेबसाइटवर आजही तसंच झळकतं आहे, ते दुरुस्त करा.

हे पत्र मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ईमेलने लेखी उत्तर यावं. फोन करू नये. उत्तर आलं नाही तर याच कागदपत्रांसह ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दाद मागेन.

आपली,
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)