वही घरीच ठेव

बॉस्टन,
रविवार, रात्री

प्रिय मन्या,

आज तुझी जिरली, तीही तुझ्या गैरहजेरीत!

सकाळी न्यू हॅम्पशायरमधल्या लॅकोनियाला गेलो होतो. तिथं फनस्पॉटमध्ये जुन्या व्हिडिओ गेम्सचं संग्रहालय आहे. टोकन टाका आणि खेळा. तिथंच 'मिझ पॅक-मॅन' भेटली.

सांगलीच्या गेम पार्लरमध्ये तू पॅक-मॅनची, म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खाणाऱ्या त्या पिवळ्या गोळ्याची, वाट वहीत काढून घोकली होतीस. एका रुपयात तुझा खेळ संपतच नसे, आणि मी मागं वही धरून उभा. भुतं ठरल्याप्रमाणं वळायची, म्हणून ते जमायचं. आज तुझ्याच पद्धतीनं इथला पहिला चक्रव्यूह पाठ करायला घेतला. वळणं तीच घेतली, पण दुसऱ्या डावात गुलाबी भूत भलतीकडेच! सुरुवातीलाच लाल आणि गुलाबी भूत मनाला येईल तसं भटकतं. त्यात चक्रव्यूह एक नाही, चार. आणि फळ एका जागी बसत नाही, बोगद्यातून येऊन हिंडतं.

गंमत म्हणजे ही गेम मूळ जपानी नाम्को कंपनीनं केलीच नाही. एमआयटीचं शिक्षण सोडलेल्या पोरांनी इथंच मॅसॅच्युसेट्समध्ये केली. आधी त्यांनी अटारी कंपनीच्या 'मिसाइल कमांड' या गेमच्या मशिनला जोडायचा, खेळ बदलणारा बोर्ड विकला होता. अटारीनं खटला भरला. मिटला तो या अटीवर, की मूळ कंपनीला विचारल्याशिवाय असलं काही विकायचं नाही. तेव्हा पॅक-मॅनला पाय फुटलेला त्यांचा 'क्रेझी ऑटो' तयार होत होता. तो घेऊन ते सरळ मिडवेकडे गेले, अमेरिकेत पॅक-मॅन विकणाऱ्या कंपनीकडे. पाय गेले, रिबन आली, आणि १९८२ मध्ये ऑटोची बाई झाली. लाखाच्या वर मशिनं खपली म्हणे.

नावाचा घोळ तर आपल्या लग्नपत्रिकेसारखा. कु. लावावं, तर तिसऱ्या मध्यंतरात करकोचा बाळ आणून टाकतो. सौ. लावायचंही घाटत होतं. शेवटी दोन्ही टाळणारं 'मिझ' लावलं.

मी? नासपतीवर, म्हणजे सहाव्या फेरीच्या फळावर, मेलो. केळं सातव्या फेरीत येतं, तिथवर पोचलोच नाही. उन्हाळ्यात ये, टोकनं माझी.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या