‘वेदर’ म्हणजे नेमकं काय ते छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि. गेल्या जानेवारीत आईला दिल्लीच्या विमानात बसवायला सकाळी लोहगावला गेलो होतो, फ्लाइट आधी एक तास लेट, मग तीन तास, आणि काउंटरवर विचारलं की एकच उत्तर, वेदर. बाहेर लख्ख ऊन पडलेलं त्यामुळे लोक चिडले, एक आजोबा तर म्हणाले हे सरळ खोटं बोलतायत. मलाही तसंच वाटलं. मग आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना फोन लावला, त्यांनी एअरफोर्समध्ये हवामानाचंच काम केलंय, ते म्हणाले अरे पुण्याचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवेचा रिपोर्ट, बघून काय उपयोग, विमान दिल्लीहून यायचंय ना, मग दिल्लीचा बघ. बघितला तर त्यात ००५० एफजी लिहिलेलं. म्हणजे ५० मीटरच्या पुढचं दिसत नाही इतकं धुकं. विमान तिकडून निघालंच नव्हतं. एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर आजोबांचा बीपी वाढला नसता.

मेटार म्हणजे विमानतळावरच्या हवेचा रिपोर्ट, साधारण दर अर्ध्या तासाला निघतो आणि नेटवर कुणालाही फुकट बघता येतो. पुण्याचा असा काहीसा असतो: व्हीएपीओ १५०२३०झेड २७००८केटी २५०० एचझेड एनएससी १६/११ क्यू१०१७ नोसिग. पहिल्यांदा बघितलं की डोकंच चालत नाही. पण व्हीएपीओ म्हणजे लोहगाव, १५ ही तारीख आणि ०२३० ही वेळ. इथेच सगळे फसतात. ही वेळ आपली नाही, झेड म्हणजे यूटीसी, जगभर वापरतात ती प्रमाणवेळ, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे सकाळचे आठ. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने असाच स्क्रीनशॉट टाकून रात्री अडीचचा जुना रिपोर्ट दाखवून फसवतात असं लिहिलं होतं आणि तो मेसेज भराभर फॉरवर्डही झाला, त्याचं मला फार वाईट वाटलं.

पुढचं सोपं आहे. वारा २७० अंशावरून म्हणजे पश्चिमेकडून येतोय, वेग ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. २५०० मीटरपर्यंत दिसतंय, एचझेड म्हणजे धुरकट हवा, एनएससी म्हणजे दखल घ्यावी असे ढग नाहीत. तापमान १६, दवबिंदू ११, म्हणजे हवा इतकी गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. या जोडीकडे काका सगळ्यात आधी बघतात, रात्री दोन्ही आकडे जवळ यायला लागले, वारा पडला आणि आभाळ मोकळं असलं की पहाटे धुकं पडू शकतं. दृश्यता १००० मीटरच्या खाली गेली की एफजी लिहितात, त्याच्या वर विरळ धुकं असेल तर बीआर, हा बीआर फ्रेंच ‘ब्रूम’ वरून आलाय, म्हणून इंग्रजीत कितीही शोधलं तरी सापडत नाही. क्यू नंतरचा आकडा हवेचा दाब, त्यावर पायलट आपलं उंची दाखवणारं यंत्र लावून घेतो. नोसिग म्हणजे पुढच्या दोन तासांत फार फरक पडेल असं वाटत नाही.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या दिवसांत बघायचं अक्षर म्हणजे सीबी, गडगडाटी ढग. त्याच्यासोबत टीएसआरए म्हणजे गडगडाटासह पाऊस आणि वाऱ्याच्या आकड्यापुढे जी लावून झोत लिहिलेले दिसले की समजायचं, विमान वर घिरट्या घालेल नाहीतर दुसरीकडे वळवतील, आणि ते बरोबरच आहे. कोथरूडला एक थेंब पडलेला नसला तरी लोहगावच्या डोक्यावर ढग असू शकतो.

माझी विनंती एवढीच आहे की तुम्ही रोज शिवाजीनगर, पाषाण, लोहगावचं तापमान छापता, तिथेच एक रविवार हा रिपोर्ट कसा वाचायचा ते चौकटीत द्या. आणि फ्लाइट रखडल्याची बातमी येते तेव्हा ‘खराब हवामानामुळे’ एवढ्यावर सोडू नका, कुठल्या शहरात, किती वाजता, किती मीटर दिसत होतं ते लिहा, आणि वेळ आपल्या घड्याळाची लिहा.

आपला,
एक नियमित वाचक, विश्रांतवाडी, पुणे