सर, ती चिठ्ठी अजून आमच्या घरी आहे

नमस्कार सर,

तुमचा नंबर ज्या मोबाईलमध्ये होता तो पावसात भिजून बंद पडला. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. कोणी ना कोणी तुमच्यापर्यंत पोहोचवेल, अशी आशा आहे. मागच्या हिवाळ्यात तुम्ही दगड-माती बघायला निघालात, तेव्हा वणीहून तीन दिवस तुमच्यासोबत बोलेरो घेऊन फिरलेला ड्रायव्हर मी. सालबर्डी, चिखलदरा, लोणार.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, जी तेव्हा तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. आमच्या भागात कोळशाच्या खदानीतून निघालेली माती-दगड रस्त्याच्या भरावात टाकतात. माझी लेक सातवीत असताना शाळेतून येता-येता तिला त्यात एक करडा, पातळ थरांचा दगड सापडला. त्यावर पानासारखं काही होतं. तिनं तो विज्ञान प्रदर्शनात मांडला. परीक्षक आले, दगड हातातही न घेता म्हणाले, "खदानीचा कचरा कशाला उचलून आणला?" आणि पुढच्या टेबलावर गेले. एवढंच. पण पोरगी त्या दिवशी जेवली नाही. दगड अंगणात बाजेच्या पायाखाली गेला, कारण बाज तिथं डुगडुगत होती. मीच ठेवला तो तिथं, सर. हे लिहितानाही मनाला लागतं.

एकोणीस वर्षं मी लोकांना याच जागा दाखवतोय. महाशिवरात्रीला सालबर्डी, उन्हाळ्यात चिखलदरा. कितीतरी जणांना मी गाडीच्या आरशात "इथं काय आहे, नुसते दगड" म्हणताना ऐकलं. हळूहळू मलाही तेच वाटायला लागलं होतं.

तुम्ही पहिल्याच दिवशी मागची सीट सोडून माझ्या शेजारी येऊन बसलात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी होती. तुम्ही विचारलंत, "ही काळी माती आली कुठून, सांगा बरं?" मला वाटलं, देवानं दिली. तुम्ही हसला नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरला, तो झिजून ही माती झाली, असं सांगितलंत. आणि तेव्हा आपला देश आजच्या जागी नव्हता, पार दक्षिणेला होता, पाठीवर लाव्हा घेऊन उत्तरेला सरकत होता. अजूनही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकतोय. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि पहिल्यांदा वाटलं की गाडीखालची जमीनही प्रवासात आहे.

सालबर्डीला गरम पाण्याच्या झऱ्यात लोक श्रद्धेनं अंघोळ करतात, मीही करतो. तुम्ही श्रद्धेला धक्का न लावता एवढंच सांगितलंत की पावसाचं पाणी जमिनीच्या मोठ्या भेगेतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि परत वर येतं. मग नदीच्या काठी मला उभं केलंत आणि म्हणालात, सातपुड्याच्या पायथ्याची ही भेग म्हणजे गाविलगडचा प्रस्तरभंग. तिच्या एका बाजूची जमीन वर चढली, म्हणून चिखलदऱ्याला हजार मीटरच्या वर जाऊन थंडी वाजते. दुसऱ्या बाजूची खाली बसली, तिथं पूर्णा नदीचा गाळ शेकडो मीटर भरला, आणि तोच आपला खारपाणपट्टा. अकोल्याकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि चिखलदऱ्याला लोक हवा खायला जातात, या दोन्हींच्या मुळाशी ती एकच भेग! एकोणीस वर्षं मी दोन्हीकडून गाडी नेली, पण हे दोन रस्ते एकमेकांचे सख्खे आहेत हे कळलं नव्हतं.

लोणारबद्दल फार लिहीत नाही. तिथं तुम्ही म्हणालात, "बाकी सगळं जमिनीनं घडवलं, हे तेवढं आभाळानं." उल्का आदळून लाव्हाच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खळगा पडला, हे ऐकून मी काठावर बराच वेळ गप्प उभा होतो. तुम्हीही घाई केली नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येताना मी भीत-भीत घरी चहाला बोलावलं. तुम्ही बाजेवर बसलात, बूट सोडायला खाली वाकलात आणि वाकलेलेच राहिलात. "हा दगड कोणी आणला?" मी म्हटलं, पोरीनं, जुना आहे, असाच. तुम्ही उठलात, बाज स्वतः उचलून दगड काढलात, आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलंत आणि मावळतीच्या उन्हात तिरपा धरलात. जिभेसारखं लांब पान, मधोमध जाड शीर, तिच्या दोन्ही अंगांना जाळीसारख्या बारीक शिरा. मी त्या दगडाकडे रोज पाहत होतो, सर, आणि एकदाही पाहिला नव्हता.

लेक दाराआड उभी होती. तुम्ही गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलंत आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलात. ग्लोसोप्टेरिस. २५ कोटी वर्षांहून जुनं झाड, ज्याच्या काळातल्या रानाचा आपला कोळसा झाला. हेच पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही सापडतं, कारण तेव्हा हे सगळे भूखंड एकमेकांना चिकटलेले होते, आणि त्या भूखंडाचं नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं, गोंडवन. मग दक्षिण ध्रुवावर गेलेल्या स्कॉट नावाच्या इंग्रज साहेबाची आणि त्याच्या साथीदारांची गोष्ट. १९१२ साली तिथून परतताना ती माणसं भुकेनं आणि थंडीनं मेली, पण गोळा केलेले १६ किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नाहीत, आणि त्यात हे पान होतं. लेक म्हणाली, "म्हंजे थे कचरा नव्हता?" तुम्ही नुसती मान हलवलीत.

नंतर तुम्ही वहीचं पान फाडलंत. नमुना क्रमांक १. ठिकाण. तारीख. आणि चौथ्या ओळीवर "शोधणारी" असं लिहून थांबलात, तिला पूर्ण नाव विचारलंत, अक्षर-अक्षर नीट लिहिलंत आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरून म्हणालात, "बरोबर आहे ना, मॅडम? बघून घ्या, चूक राहायला नको."

आमच्या घरातल्या कोणाला आजवर कोणी असं विचारलेलं नाही. रेशन कार्डावर माझ्या आईचं नाव चुकलं ते ती जाईपर्यंत चुकलेलंच राहिलं. माझी बायको चुलीपाशी पदर डोळ्याला लावून उभी होती, तुम्हाला वाटलं धूर लागतोय.

तुमच्याकडे शिक्षण होतं, मान होता, तुम्ही चहा पिऊन निघून गेला असतात तरी आमची काही तक्रार नव्हती. भाडं तर तुम्ही पूर्ण दिलंच होतं. त्या परीक्षकांकडेही शिक्षण होतं. त्यांना वाकायला अर्धा मिनिट लागला असता.

लेक आता आठवीत आहे. सुट्टीत गाडीत माझ्या शेजारी बसते आणि घाटात गाडी थांबवायला लावते. प्रवासी कुरकुरले तर मी सांगतो, दोन मिनिटं थांबा, पाहण्यासारखं आहे. यंदाच्या पावसाळ्यात घर गळलं आणि चिठ्ठीची शाई फुटली. मी म्हटलं, नवी लिहून देतो. तिनं देऊ दिली नाही. पुसट झालेल्या तीन ओळी तिनं पेनानं गिरवल्या, तुमच्या अक्षरातलं तिचं नाव मात्र तसंच ठेवलं, आणि वरून चिकटपट्टी लावली.

बाजेच्या पायाखाली आता विटेचा तुकडा आहे. पुन्हा वणीकडे याल तेव्हा चहाला या, सर. तिच्याकडे नमुना क्रमांक ७ पर्यंत गेलंय, त्यातल्या दोन दगडांबद्दल तिला तुम्हालाच विचारायचं आहे.

तुमचा,
बोलेरोवाला