रस्त्याकडंचं गवत तुमच्या कागदावर पडीक असंल साहेब, आमच्या गोठ्यात ती वैरण आहे

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातली एक शेतकरीण. आम्हाला २२ गुंठे जमीन आणि दोन म्हशी. गावाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, रस्ता कुठल्या खात्याचा आणि ठेकेदार कोण तेही लिहीत नाही, कारण नावं आली की सगळे नावावरनंच भांडत बसतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. अर्जात सगळी नावं दिलेली आहेत. त्या अर्जाला आता महिना होत आला, साधा फोनसुद्धा आला नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितीय.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बुधवारी सकाळी आमच्या रस्त्याच्या दोन्ही कडंला तणनाशक मारलं. छोट्या टेम्पोवर ड्रम, त्याला एचटीपी पंप, म्हणजे जोरानं फवारणारा पंप, आणि एक पोरगं गन घेऊन चालत. मी तेव्हा डेअरीला दूध घालायला गेलेले. गावात पाणी किती वाजता सुटणार हे ग्रामपंचायतीच्या स्पीकरवर सांगतात, पोलिओचा डोस सांगतात, हरवलेली शेळी पण सांगतात, पण रस्त्याला विष मारणार आहोत, दोन आठवडे तिथलं गवत कापू नका, एवढी एक ओळ कुणाला सांगावीशी वाटली नाही.

शुक्रवारी मी नेहमीसारखी विळा घेऊन गेले आणि दोन भारे कापून आणले. साहेब, गवत हिरवंगार होतं. तुमच्या ऑफिसातल्या माणसानं मला विचारलं की बाई, औषध मारलेलं गवत तुम्हाला दिसत नाही का. नाही दिसत. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की गवत त्याच दिवशी जळत नाही, औषध पानातनं आत शिरतं, मुळापर्यंत उतरतं आणि झाडाला लागणारी प्रथिनं तयार व्हायचं कामच बंद पाडतं. मग चार-पाच दिवसांनी पिवळं पडायला लागतं आणि पूर्ण वाळायला दहा-पंधरा दिवस जातात. तोवर ते साध्या गवतासारखंच दिसतं. ज्यानं फवारलं त्याला हे माहीत असतं, जी कापते तिला कोण सांगणार?

रविवारी सकाळी मोरीनं वैरणीला तोंड लावलं नाही. मोरी म्हणजे आमची मोठी म्हस, तिसऱ्या वेताची, दोन्ही टायमाचं मिळून आठ लिटर देणारी. पातळ शेण टाकायला लागली, रवंथ बंद. धारेला बसले तर कासंला हात लावून देईना. त्या दिवशी दोन्ही टायमाचं मिळून दीड लिटर निघालं. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, म्हणाले चारलेल्या गवताचा त्रास असू शकतो पण तपासणीशिवाय लिहून देता येत नाही, आणि ती तपासणी इथं होत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण लिहून मिळत नाही म्हणजे पंचनामा नाही आणि पंचनामा नाही म्हणजे तुमच्या लेखी माझ्या म्हशीला काही झालंच नाही. १९ दिवस ती दुधावर आली नाही. रोजचं सरासरी पाच लिटर घटलं धरा, लिटरला ५० रुपये धरा, पावणेपाच हजाराच्या आसपास जातात, वर डॉक्टर आणि औषधाचे २३०० झाले. तुमच्यासाठी हा चहापाण्याचा खर्च असंल. माझ्या पोरीची कॉलेजची फी याच महिन्यात होती आणि ती मी हातातली पाटली गहाण टाकून भरली.

आणि सुरुवातीचे तीन दिवस तिचं जे दूध डेअरीला गेलं ते कुणी प्यायलं? आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर धार काढलेलं दूध प्यायला लांबनं माणसं येतात, तालमीतली पोरं त्याच दुधावर वाढतात. ज्या दुधाचं एवढं नाव सांगता त्या दुधामागची वैरण कुठनं येते हे कुणी विचारलंय का? ऊस वाढला, गायरानं गेली, बांध ट्रॅक्टरनं कोरून कोरून वीतभर राहिले. ज्याला जमीन कमी त्याची जनावरं रस्त्याच्या कडंवर जगतात. आमच्या एकट्या गावात अशा तीस-चाळीस बाया असतील ज्या रोज एक भारा रस्त्याकडंनं आणतात.

आता मिरचीचं ऐका. रस्त्याला लागून आमची सहा गुंठे मिरची आहे आणि कडंनं मांडवावर वरण्याच्या शेंगांचा वेल. आठवड्याभरात शेंडे वळले. सगळे म्हणाले बोकड्या आला, म्हणजे मिरचीची पानं आकसतात तो रोग, औषध मार. मी पण आधी तेच धरलं, आठशे रुपयाचं औषध आणून मारलं. पण बोकड्या कुठंही येतो, एक झाड इथं तर एक तिथं. हे रस्त्याकडच्या आठच सऱ्या, दोरी लावल्यासारखं सरळ. पान रुंद व्हायचं सोडून सुतळीसारखं लांबलं, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, देठाला पीळ पडलेला, फूल गळलेलं. वरण्याच्या वेलाचा शेंडा तर आकड्यासारखा आत वळला. नवव्या सरीत काही नाही.

मग मी गटारीत उतरून शोधलं. दोन रिकाम्या बाटल्या मिळाल्या. एकीवर ग्लायफोसेट ४१ टक्के, दुसरीवर २,४-डी इथाइल एस्टर ३८ टक्के. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गवत गेलं ते ग्लायफोसेटनं, मिरची गेली ती २,४-डीनं. हे २,४-डी रुंद पानाच्या झाडांवर चालतं, गवतवर्गीय पिकाला सहसा काही करत नाही, म्हणून तर उसात चालतं. आमचे धाकटे दीर स्वतः उसात मारतात, मी काही तणनाशकाच्या नावानं बोटं मोडणारी बाई नाही. पण ते मारताना नोझलला हूड, म्हणजे फवारा उडू नये म्हणून झाकण लावतात, वारा पडलेला बघतात, शेजारी कुणाची मिरची-टोमॅटो-भुईमूग आहे का बघतात. आणि यातला इथाइल एस्टर हा प्रकार असा की तो नुसता थेंबातनं उडत नाही, ऊन पडलं की फवारलेल्या पानावरनं त्याची वाफ होते आणि ती वाफ वाऱ्याबरोबर शेजारच्या रानात जाते. टोमॅटो, द्राक्ष, कापूस, मिरची यांना अगदी थोडं लागलं तरी पानं वळतात. हे दुकानातल्या पोरालासुद्धा माहीत आहे. लाखांचं टेंडर काढणाऱ्याला माहीत नसावं?

ग्लायफोसेटच्या बाटलीवर वापर कुठं करायचा तर बिगरपीक क्षेत्र. हा एक शब्द मला आता झोपेत पण दिसतो. रस्त्याची कड म्हणजे बिगरपीक क्षेत्र. साहेब, डांबर संपल्यापासनं माझ्या पहिल्या सरीपर्यंत नऊ फूट आहे, मी टेप धरून मोजलंय. त्या नऊ फुटात तुमचं बिगरपीक संपतं आणि माझं पीक चालू होतं, आणि वाऱ्याला हे वाचता येत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनंच अधिसूचना काढली की ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय, म्हणजे परवाना असलेल्या फवारणीवाल्याशिवाय, दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, माणसाच्या आणि जनावराच्या आरोग्याला धोका आहे म्हणून. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ते माणसाला बहुधा कॅन्सरकारक असलेल्या यादीत घातलं, अमेरिकेची पर्यावरण संस्था तसं मानत नाही, त्यांचा वाद त्यांनी मिटवावा. माझा प्रश्न एवढाच आहे की आपल्याच सरकारनं जो कागद काढला तो आपल्याच रस्त्यावर पाळायचा का नाही? टेम्पोवरचं ते पोरगं पेस्ट कंट्रोल ऑपरेटर होतं का? त्याच्या पायात स्लीपर होती. तोंडाला टॉवेल, हातमोजे नाहीत, चष्मा नाही, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हे आमच्या शेजारणीनं डोळ्यांनी बघितलंय. तिनं त्याला प्यायला पाणी दिलं तर त्यानं त्याच हातानं तांब्या घेतला. वय फार तर वीस. २०१७ साली यवतमाळला फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी, शेतमजूर गेले, केवढा गाजावाजा झाला, फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यायचे हे तर कीटकनाशकांच्या नियमात १९७१ पासनं लिहिलेलं आहे. लिहिलंय सगळं. ते पोरगं मेलं तर त्याचं नाव ठेकेदाराच्या रजिस्टरला तरी सापडंल का?

आणि हे पहिल्यांदा नाही. गेल्या वर्षी असंच झालं तेव्हा ग्रामसभेत तुमच्या खात्याचे साहेब आले होते, सगळ्यांसमोर उभं राहून बोलले की पुढच्या वर्षीपासनं गावाच्या हद्दीत औषध मारणार नाही, कटर मशीननं कापून घेऊ, आणि मारायचंच झालं तर आठ दिवस आधी कळवू. टाळ्या वाजल्या, मी पण वाजवल्या. त्या साहेबांची बदली झाली. शब्दाची पण बदली होते का साहेब? नवीन साहेब म्हणाले मला त्यातलं काही माहीत नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला ऑर्डरमध्ये तण निर्मूलन एवढंच लिहिलंय, कसं करायचं ते आमचं आम्ही बघतो. कृषीवाले म्हणाले रस्ता आमचा नाही. रस्तेवाले म्हणाले पीक आमचं नाही. ग्रामपंचायत म्हणाली दोन्ही आमचं नाही. ऑनलाइन तक्रार केली तर अकराव्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुणी येऊन बघितलं नाही आणि निकाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रस्त्याकडंची झाडी काढायला नको असं मी म्हणत नाही, कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. वळणावर घाणेरी माजली की समोरचं दिसत नाही, उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, आमच्याच गावचा एक माणूस तसल्या वळणावर गेला. तिथं कापाच. गाजरगवतानं माझ्या आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, दोन्ही हाताला चट्टे उठतात, दर पावसाळ्यात मलम लावतात, त्यामुळं ते पण काढाच. पण कधी काढायचं? फुलाच्या आधी, जुलैत, ओल आहे तोवर हातमोजे घालून मुळासकट. तुम्ही मारलं ऑगस्टअखेर, पांढरी फुलं येऊन बी खाली सांडल्यावर. एकेका झाडाला हजारो बिया येतात, वरचं झाड वाळलं तरी खालचं बी तसंच, पुढच्या पावसाला परत उगवणार आणि परत टेंडर निघणार. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासनं आपल्या देशात सोडलाय, पावसाळ्यात आमच्या ओढ्याकडं दिसतो, पांढरट अंगावर गडद रेघा. तो फुकट काम करतो. टाकळा दाट उगवला की गाजरगवत मागं हटतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या फवाऱ्यानं टाकळा पण गेला.

टाकळा म्हणजे काय तेही सांगते, पहिल्या पावसानंतर त्याची कोवळी पानं आम्ही भाजीला खुडतो. टाकळा, कुर्डू, पाथरी, घोळ. कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं, फोटो निघतात. त्या भाज्या उगवतात कुठं? याच कडंला. या वर्षी उशिरा उगवलेला टाकळा आत्यांनी त्याच आठवड्यात खुडून आणलेला. मी तो परड्यात टाकून दिला तर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, भाजी टाकायची असते का म्हणून.

फवारलं त्या दुपारीच सर आली. औषध मारल्यावर पाच-सहा तास तरी पाऊस नको, नाहीतर ते धुऊन जातं. मग पैसे पण वाया आणि सगळं गटारीतनं ओढ्याला, ओढ्यातनं पंचगंगेला. ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं म्हणतात, पण ऑगस्टात आमच्याकडं मातीच वाहून जाते. गवताची मुळं मेली की साइडपट्टीची माती धरून ठेवायला काय राहतं? आत्ताच आमच्या मोरीजवळ, म्हणजे पाण्याच्या मोरीजवळ, हातभर कड तुटलीय. तिथं उद्या खडी टाकायचं वेगळं टेंडर निघंल. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावती अडवून या भागाला पाणी दिलं, आणि आज त्या पाण्यात काय सोडतोय याचा हिशोब कुठल्याच टेबलावर नाही. निवडणुकीला सगळे पंचगंगेची शपथ घेतात.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. माझी भरपाई द्या, ती मी सोडणार नाही, पण ती नंतर. आधी गावाच्या हद्दीत आणि पिकाला लागून असलेल्या रस्त्याला फवारणी बंद करा. कापायचं काम गावातल्या बचत गटाला नाहीतर रोजगार हमीला द्या, आम्ही वर्षातनं दोनदा कापून देऊ, वैरण आम्ही नेऊ आणि रस्ता मोकळा राहील, विषाचे पैसे पण वाचतील. जिथं कापता येतच नाही तिथं मारा, पण आठ दिवस आधी स्पीकरवर सांगून, औषधाचं नाव आणि तारीख लिहिलेला बोर्ड लावून, हूड लावून, वारा नसताना. एस्टरवालं औषध रस्त्याच्या कामात वापरूच नका. फवारणाऱ्याला बूट आणि मोजे द्या. काय औषध, किती मारलं, कुणी मारलं, परवाना कुणाचा, ही माहिती मी माहितीच्या अधिकारात मागितलीय, ३० दिवस या महिन्याच्या २६ तारखेला संपतात.

दिवाळीआधी दुसरा हप्ता मारायचाय असं ठेकेदाराचा माणूस चहाच्या टपरीवर बोलला. त्या दिवशी आम्ही बाया रस्त्यावर बसणार आहोत, हे आत्ताच कळवते, आम्हाला कुणी आठ दिवस आधी कळवलं नव्हतं तरी.

दोन्ही बाटल्या मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवल्यात, पोराबाळांचा हात पोचणार नाही अशा. तुमचा माणूस पाठवा, त्याच्या सहीशिवाय देणार नाही.

आपली,
करवीर तालुक्यातली एक शेतकरीण