मुलांसाठी हातातला व्हिडिओ गेम निवडताना: मित्रास पत्र

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मावशी दिवाळीला अमेरिकेहून येताहेत, मुलांसाठी तिकडचा ‘शिकवणारा’ व्हिडिओ गेम आणू का म्हणताहेत, आणि कुठला आणायला सांगू ते तुला कळत नाहीये. फोनवर एखादं नाव सांगून मोकळा झालो असतो, पण मनाला पटेना. पहिली-दुसरीच्या वर्गात शिकवताना यंत्रापुढे बसलेली पोरं पुष्कळ बघितली आहेत. तुझी पोरं मला परकी नाहीत. म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे बघ, की मुलाचं उत्तर चुकलं की ते यंत्र काय करतं. खोक्यावर ‘गणित, भाषा, तर्क’ असं काहीही छापलेलं असू दे, खरी परीक्षा इथेच होते. काही खेळ चुकल्यावर एक कर्कश आवाज काढतात आणि पुढच्या प्रश्नावर जातात. मूल शिकतं ते एवढंच, की आपण चुकलो. काहींत चुकल्यावर अस्वल पाण्यात धपकन पडतं, आणि ते इतकं गमतीचं असतं की मुलं मुद्दाम चुकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बरोबर उत्तराला नुसती टाळी, चुकीच्या उत्तराला धमाल. मूल कुठलं बटण दाबणार? आणि थोडे खेळ असे असतात की ८ + ५ चुकलं तर तिथेच थांबतात, आठ ठिपके आणि पाच ठिपके मांडून दाखवतात, पुन्हा करू देतात, आणि थोड्या वेळानं तसंच गणित परत समोर आणतात. पैसे द्यायचे तर याच खेळाला.

दुकानात एवढं सहज तपासता येतं. प्रश्न न वाचता वाटेल ती बटणं दाबत जायचं. तीन पर्यायांतला एक बरोबर असतोच, त्यामुळे काही उत्तरं आपोआप जुळतात. तसं करूनही पुढची पायरी उघडली तर खेळ ठेवून द्यायचा. तुझ्या थोरल्याला ती युक्ती पहिल्याच दिवशी सापडेल. घड्याळ टिकटिकणारे खेळही या वयाला नकोत. वेळ संपत आला की मूल विचार सोडून अंदाजावर येतं.

दुसरी गोष्ट: शिकायचं जे आहे ते खेळाच्या आत आहे की बाहेर? ब्रिटनमधल्या हॅबगूड आणि एन्सवर्थ या संशोधकांचं यावरचं काम २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यांचा खेळ भागाकाराचा होता. समोरून सांगाडे येतात, प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या. प्रत्येक वारही एका संख्येचा. सांगाड्यावरच्या संख्येला तिनं निःशेष भाग जात असेल तरच तो पडतो. दुसऱ्या प्रकारात सांगाडे तेच, पण लढाईत गणित नाही. प्रश्न वेगळे, दोन टप्प्यांच्या मध्ये विचारलेले. पहिल्या प्रकारातली मुलं जास्त शिकली. आणि हवा तो प्रकार खेळा म्हटल्यावर मुलांनी पहिल्या प्रकारात सातपट वेळ घालवला! बाजारातल्या बहुतेक ‘शैक्षणिक’ खेळांची रचना दुसऱ्या प्रकारची असते: चार गणितं सोडव, मग गाडी पळव. मुलाला त्यातून कळतं की गणित म्हणजे गाडीच्या वाटेतला टोलनाका.

आता तिकडच्या यंत्रांबद्दल. मावशी ‘लीपफ्रॉग’ या खेळण्यांच्या अमेरिकी कंपनीचं नाव घेतील. त्या कंपनीचं लीपस्टर हे हातात धरून खेळायचं यंत्र २००३ साली आलं. त्या काळी लहान मुलांसाठी ती मोठीच गोष्ट होती: लेखणीनं स्पर्श करायचा पडदा, वेगवेगळ्या विषयांची कार्ट्रिज (यंत्रात खोचायच्या खेळांच्या वड्या), साध्या पेन्सिल सेलवर चालणारं, पडलं तरी सहजी न फुटणारं. २०१० मध्ये लीपस्टर एक्सप्लोरर आलं. २०१६ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेकनं ती कंपनी विकत घेतली. कुणाच्या घरचं जुनं यंत्र फुकट मिळत असेल तर मावशींना दोनच गोष्टी विचारायला सांग. कार्ट्रिज सोबत आहेत का? आणि संगणकाला जोडून गेम उतरवून घ्यावे लागत असतील तर ती सोय अजून चालू आहे का? नसेल तर घरात एक रंगीत डबा येईल, बाकी काही नाही.

यंत्र इंटरनेटला जोडायचं असेल तर आणखी एक. नोव्हेंबर २०१५ मध्ये याच व्हीटेकच्या साठ्यातून लाखो पालकांची आणि मुलांची माहिती चोरीला गेली: नावं, जन्मतारखा, मुलांचे फोटोसुद्धा. २०१८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना कंपनीला साडेसहा लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा नोंदणीत मुलाचं खरं नाव, खरी जन्मतारीख, फोटो काहीही देऊ नकोस. ‘राजा’ एवढं नाव पुरे. वय बरोबर दे, म्हणजे पातळी बरोबर मिळेल.

भाषेचं काय, हे तुझ्या पत्रात नाही, पण मला तीच काळजी जास्त आहे. ही यंत्रं अमेरिकन इंग्रजी बोलतात. तुझी मुलं मराठी शाळेत. अक्षरओळखीसाठी यातलं काहीही घेऊ नकोस. शाळेत बाई ‘झेड’ म्हणणार, यंत्र ‘झी’ म्हणणार, आणि आपल्या बाराखडीचं त्याला काहीच ठाऊक नाही. संख्यांतही अडचण आहेच. आपण पस्तीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना तीन आधी लिहितो; माझ्या वर्गातली कितीतरी मुलं ३५ ऐकून ५३ लिहितात. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ अशी जोड दिली ती याच अडचणीसाठी. केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना? बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकरांनी किती शांतपणे आपली बाजू मांडली होती! तर आधीच अडखळणाऱ्या मुलाच्या कानावर यंत्रातून ‘थर्टी फाइव्ह’ पडायला लागलं की त्याचा गोंधळ वाढतो. म्हणून थोरल्यासाठी निवडायचं ते न बोलणारं किंवा आवाज बंद करून चालणारं: आकृत्या जुळवायच्या, वाट शोधायची, क्रम ओळखायचा, बेरजा करायच्या.

इथेच घ्यायचं म्हणशील तर तुळशीबागेत मुलांचे लॅपटॉप मिळतात. झाकण उघडलं की इवलासा पडदा आणि ए फॉर ॲपल. त्यात मूल बटण दाबतं, यंत्र बोलतं, संपलं. तापकीर गल्लीच्या आसपास ‘४०० इन १’ नावाचे, एका यंत्रात चारशे खेळ असलेले व्हिडिओ गेम मिळतात, त्यांत शिकवणारं काही नसतं आणि अर्धे खेळ तेच ते असतात. त्यापेक्षा आपल्या लहानपणीचा ब्रिक गेम मला आजही आवडतो. सात वर्षांच्या मुलानं पडता ठोकळा मनात फिरवून बघायचा आणि मग बटण दाबायचं, यात डोकं खरंच चालतं. इंटरनेट नाही, जाहिरात नाही, भाषेची अडचण नाही. काहीही घेतलंस तरी आयएसआयची खूण बघ. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. सेलचं झाकण स्क्रूनं बसवलेलं हवं. बटणासारखा चपटा सेल पोटात गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तुझी धाकटी अजून सगळं तोंडात घालते, म्हणून हे ठासून लिहितोय.

धाकटीसाठी मात्र काहीच मागवू नकोस. ती साडेचार वर्षांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितला आहे, त्याहून कमी तर उत्तम, आणि तुमच्या घरचा टीव्ही तो तास खातोच. तिला मी सांगतो ते करून दे. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी काप, एका ओळीत दहा चौकोन आख, त्यांत १ ते १० लिही. एक फिरकी कर, तिच्यावर फक्त १ आणि २. फिरवायची आणि सोंगटी पुढे न्यायची. सिग्लर आणि रमाणी या संशोधकांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना हाच खेळ पंधरा-पंधरा मिनिटं चारदा खेळायला दिला, आणि मुलांची संख्यांची समज चांगलीच वाढली. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेली पट्टी खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. एक नियम कसोशीनं पाळायचा: सोंगटी ५ वर असेल आणि २ पडले तर ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘सहा, सात’ म्हणायचं. मोठ्यानं, मराठीत. वहिनींनी किंवा आजीनं सोबत बसायचं. आजीला तर हे फार आवडेल.

थोरल्याचं यंत्रही पहिले काही दिवस त्याच्या शेजारी बसून खेळ. “हे का दाबलंस?” एवढंच विचारत राहा. त्याच्या उत्तरांवरून तुला कळेल की तो विचार करतोय की नुसती बटणं दाबतोय.

मावशींना सांगायचं असं: वय सहा ते आठ, आकृत्यांचा किंवा बेरजेचा खेळ, आवाज बंद करता येणारा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा. चार्जरवालाच असेल तर चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघायचं; तिकडे १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. दुकानात उभं राहून दोनदा मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं आणि काय होतं ते तुला फोनवर सांगायचं. मनासारखं नाही मिळालं तर त्या पैशांत लाकडी ठोकळ्यांचा एक मोठा संच आणायला सांग, दोघंही खेळतील.

मुलांना घेऊन सुट्टीत इकडे या. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांना न्यायचं कधीपासून मनात आहे. काका-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. पट्टी केलीस की धाकटी कुठल्या आकड्यावर अडते ते कळव, पुढचं तेव्हा लिहीन.

तुझाच,
मित्र