हूल देण्याचा खेळ, सोळा काडेपेट्यांत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या पुरवणीत बैठे खेळ म्हणून बुद्धिबळावर दीड पान आणि ‘गाइस्टर’वर एक ओळ आली. त्या ओळीवरून कुणाला खेळता येणार नाही, म्हणून हे पत्र.

गाइस्टर म्हणजे भुतं. ॲलेक्स रँडॉल्फ यांचा हा खेळ १९८२चा. पट ६ बाय ६ घरांचा. प्रत्येकाकडे ८ भुतं, ४ चांगली, ४ वाईट. कुठलं कसं, ते फक्त मालकाला दिसतं. आपल्याकडच्या दोन ओळींत मधल्या चार-चार घरांत हवी तशी मांडायची. चाल एकच घर, पुढे, मागे किंवा बाजूला, तिरकी नाही. समोरच्याची चारही चांगली खाल्ली की जिंकलात. आपली चारही वाईट त्याला खायला लावली तरी जिंकलात. किंवा आपलं एक चांगलं भूत त्याच्याकडच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचं. पण कोपऱ्यात पोचल्यावर त्याची एक चाल झेलावी लागते. खरी गंमत तिथंच. मुद्दाम वाईट भूत कोपऱ्याकडं पळवलं, की समोरचा ‘खाऊ का सोडू’ करत बसतो. खासबागेतल्या कुस्तीत पट काढायची, म्हणजे पाय धरायची, हूल देऊन ढाक हा वेगळाच डाव मारतात, तसलाच प्रकार. नवखा मात्र चांगली भुतं मागं जपतो आणि वाईट पुढं सोडतो. चार चालींत सगळं कळतं.

विकत आणायची गरज नाही. पुठ्ठ्यावर ५ सेंमीची ३६ घरं आखा. १६ रिकाम्या काडेपेट्या उभ्या करा, आपल्याकडच्या अंगाला टिकली लावा, चांगल्याला निळी, वाईटाला लाल. नुसत्या कागदी पत्त्यांच्या सोंगट्या नकोत, मागून खिडकीचा उजेड आला की टिकली दिसते. एखाद्या पेटीत दोन काड्या राहिल्या तर ती खुळखुळते आणि ओळखली जाते. पंख्याखाली पडू नयेत म्हणून प्रत्येकीत सारखाच शाडूचा गोळा दाबून भरा, वर कोरा कागद चिकटवा. आपल्या दैनिकाचा कागद नको, राग मानू नये. अर्ध्या मथळ्यावरून सोंगटी लक्षात राहते. चुरगळलेल्या कोपऱ्याचंही तेच.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर